ओरखड्यासकट

अहो, ऐकलंत का? या, जरा भिंतीजवळ या. मोठ्यानं नको बोलायला, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे आणि कुकर अजून लागलेला नाही. तुम्ही दिवाळीत माहेरी होतात, म्हणजे तुम्हाला निम्मंच कळलं असणार. समोरच्या वहिनींच्या धाकट्यानं गाडी घेतली. जुनी घेतली. आणि कुणाची? ओळखा बघू. बाईंची! हो हो, कोपऱ्यावरच्या आपल्या शाळेच्या बाईंची. ज्या दोन घरांतला संक्रांतीचा तिळगूळसुद्धा गेली चार वर्षं माझ्या हातून जायचा, त्यांच्यात चक्क आरसी ट्रान्सफर झाली!

मी बाई कुणाचं नाव घेत नाही. तुम्हाला सगळं माहीतच आहे.

तर सुरुवात झाली जूनमध्ये. धाकटा महाळुंग्याच्या कंपनीत कन्फर्म झाला ना, पेढे आले होते बघा, खव्याचे, थोडे आंबट लागलेले… असो. सेकंड शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला, आणि हा मोटरसायकलवर. त्या रस्त्याला रात्रीचे ते कंटेनर, ते ट्रेलर, खड्डे आणि वरून पाऊस. एकदा कुरुळीच्या इथे घसरला. फार नाही, कोपर सोलवटलं. पण वहिनींनी त्याच रात्री मोटरसायकलची किल्ली देवघरात गणपतीच्या मागे ठेवली आणि म्हणाल्या, 'आता चार चाकांचीच घे, नाहीतर नोकरी सोड.' धाकट्याचं लायसन अठरा पूर्ण होताच काढलेलं, भोसरीच्या ट्रॅकवर टेस्ट पास. पण पाच वर्षांत स्टेअरिंगला हात नाही. बजेट किती, तर साडेतीन लाख. त्यातले दीड त्याचे, बाकी वहिनींची एफडी.

आणि मग झाली बाई त्यांच्या पोर्चमध्ये मीटिंग! आता आपलं गाव कसलं, तुम्हाला ठाऊक आहे. इकडे पिंपरीला टाटा, आकुर्डीला बजाज, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, तळेगावला आणखी निराळं. घरटी एक माणूस गाडीचा काही ना काही भाग बनवतो. कुणी बंपर, कुणी वायरिंग, कुणी नुसते बोल्ट. त्यामुळे गाडीवर मत नाही असा माणूसच नाही. तेवीस वर्षांच्या पोराला गाडी घ्यायची आणि सल्ला द्यायला अकरा जण. मी मोजले, चहा मीच गाळत होते.

आमचे हे तर विचारूच नका. तीस वर्षं आकुर्डीला काढलेली, त्यांचं घोडं चेतकवरच. 'आमच्या वेळी चेतकला दहा-दहा वर्षं वेटिंग असायचं, आणि जुनी चेतक नवीपेक्षा महाग विकली जायची, माहीत आहे का?' अहो, माहीत आहे! पण पोराला हवीय कार, इथे चेतकचं काय? तेवढ्यात टेल्कोकाका खुर्ची पुढे ओढून बसले. अजून टेल्कोच म्हणतात ते, टाटा मोटर्स म्हटलं की रागावतात. क्वालिटीत होते ना. '१९९८ साली इंडिका इथे पिंपरीत बनली, सगळ्या देशानं तोंडात बोट घातलं. पोरा, पिंपरीची गाडी घे, दुसरीकडे बघू नको.' बोलताना त्यांची मान अशी ताठ झाली होती, की मला वाटलं आता झेंडावंदनच.

आणि माझ्या दिराचा मुलगा, चाकणला फोक्सवॅगनमध्ये आहे तो, एका कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला. सगळ्यांचं झाल्यावर हळूच म्हणाला, 'काकू, कुठल्याही कंपनीची घ्या, पण २०१९ च्या जुलैला एक रेघ मारा. त्या महिन्यापासून प्रत्येक नव्या कारमध्ये ड्रायव्हरसमोर एअरबॅग सक्तीची झाली. एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. रेघेच्या अलीकडची घ्या, पलीकडची घ्यायची तर उघडून बघा.' वहिनींनी ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, 'जुलै २०१९', आणि खाली दुधाचा हिशोब.

त्यानंच पोलोची गोष्ट सांगितली. स्वतःच्या कंपनीची गाडी, पण लपवलं नाही हं, याचं मला कौतुक वाटलं. २०१४ च्या जानेवारीत म्हणे बाहेरच्या ग्लोबल एनकॅपवाल्यांनी आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या भिंतीवर आपटून पाहिल्या. आल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. पाचहीजणी शून्य! एक तारा नाही. मग पोलोत दोन एअरबॅग घालून पुन्हा आपटली, तर चार तारे. म्हणजे बघा, नाव तेच, रूप तेच, रंगही तोच, आणि आत ते फुगे आहेत की नाहीत यावर सगळा जीव अवलंबून. जुन्या बाजारात दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असतात. धाकट्याला कुठलीशी लाल पोलो आवडली होती, फोटो वॉलपेपरला लावलेला. २०१२ ची निघाली. फोटो त्याच दिवशी बदलला, बिचारा. चेहरा असा उतरला की मी त्याला अजून एक भजी वाढली.

तर काय सांगत होते… हां, तळेगाव. वहिनींचे भाऊ. ते आले दीड लाखात बीट घेऊन. शेवरोले बीट, आपल्या तळेगावची. 'ताई, स्वस्तात मस्त!' आता स्वस्त का, हे विचारायला नको? जनरल मोटर्सनं २०१७ मध्येच इथली विक्री बंद केली, २०२० च्या अखेरीस तळेगावचा कारखानाही बंद, आणि आता तो ह्युंदाईकडे. ती गाडी ज्यांनी जन्माला घातली त्यांच्या दारावर पाटीच दुसऱ्याची! पार्ट मिळतात अजून, गॅरेजवाले शोधून आणतात, पण रोज शिफ्टला जाणाऱ्या पोरानं एका पार्टसाठी आठ-आठ दिवस कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मामांना वहिनी असं बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, 'दादा, तूच ठेव ना ती, तुला शोभते.' मामा जेवले आणि गेले. भाकरीही एकच खाल्ली.

आता खरी गंमत ऐका. ऑगस्टच्या सुरुवातीला सगळे गेले हायवेकडेच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात. दुकानाचं नाव नाही सांगत, उगाच कशाला. वहिनी, धाकटा, टेल्कोकाका, आमचे हे, आणि वहिनींच्या सासूबाई, म्हणजे आजी. आजींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या म्हणाल्या, 'मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडा वाटेत,' आणि मग उतरल्याच नाहीत. मी का गेले? अहो, माझ्याशिवाय आजींना धरणार कोण!

तिथे एक पांढरी शुभ्र गाडी. डिझेल, मोठी, चकचकीत. दुकानदार गोड बोलतोय, 'सिंगल ओनर, काका. नॉन-ॲक्सिडेंटल. लेडीज युज. शोरूम कंडिशन.' हे चार शब्द म्हणे सगळ्याच जुन्या गाड्यांना लावतात, जसं स्थळ सांगताना 'मुलगा निर्व्यसनी' म्हणतात. टेल्कोकाकांनी पँटीच्या खिशातून टॉर्च काढला. चारचौघांत कुणी पत्रा बघतं, कुणी टायरला लाथ मारतं, पण काका बॉनेट उघडून नुसते बोल्ट बघत होते. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असला म्हणजे बॉनेट कधीतरी काढलंय. मग काचा. प्रत्येक काचेवर कोपऱ्यात बारीक छाप असतो, त्यातल्या वर्षाच्या खुणा एकमेकींशी जुळायला हव्यात. एखादीच वेगळी निघाली तर ती नंतर बसवलेली. काकांना काहीच सापडेना. पेडलचं रबर? नवं. सीट कव्हर नवी. मीटरवर बेचाळीस हजार. 'रबर नवं घातलंय म्हणजे जुनं झिजलं होतं,' काका पुटपुटले. बेचाळीस हजारांत पेडलचं रबर कुठलं झिजायला? पण किलोमीटर पाडलेत असं तोंडावर कसं म्हणणार, पुरावा काय? धाकटा तर स्टेअरिंगवर हात ठेवून बसलासुद्धा होता. सेल्फी काढत होता, मी पाहिलं.

आणि तेवढ्यात आजी मागच्या सीटवर जाऊन बसल्या. पाय दुखतात म्हणून. दार लावून घेतलं. आत आरशाला तीन-तीन सुगंधी पुड्या लटकवलेल्या, मोगऱ्याचा एवढा घमघमाट की डोकं उठावं. मिनिटभर आजी गप्प. मग काच खाली केली आणि म्हणाल्या, 'पुराची आहे.'

बाई गं! सगळे गप्प. दुकानदार हसला, 'आजी, पावसाळा आहे, ओल येतेच.' आजी म्हणाल्या, 'बाळा, मी सांगलीची आहे. २०१९ ला कृष्णामाई आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेली होती. माझ्या भावाच्या घरात पाणी नऊ दिवस होतं. त्याच्या कपाटात मी दोन वर्षं मोगऱ्याच्या उदबत्त्या लावल्या, हा वास जात नाही. मोगऱ्याच्या मागून येतोच.' आणि त्यांनी सीटवर हात फिरवून बोटं नाकाशी नेली. माझ्या अंगावर काटा आला हो.

टेल्कोकाकांनी एक अक्षर न बोलता ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले, ओढत गेले… आपण नेहमी बांधतो तेवढा नाही, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली, आणि तिच्यावर आडवी, तांबूस, सुकलेल्या गाळाची रेघ. पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूणच. मग डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट घातलं, वाळू. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले. कव्हर नवी, बोल्ट जुने! दुकानदाराचा चेहरा… कसं सांगू, साखरपुड्यात मुलाचं पहिलं लग्न उघडकीला आल्यावर वरमाईचा होतो ना, तसा. 'आम्हाला पण पार्टीनं सांगितलं नाही काका,' म्हणाला. धाकटा हळूच स्टेअरिंगमागून उतरला. आरसी मागितली तर गाडी एमएच १० पासिंग, सांगलीचीच. आजींनी त्याला सुनावलं नाही. जाताना फक्त म्हणाल्या, 'ज्याची होती त्याचं घर वाचलं असूं दे.' वाटेत कुणी काही बोललं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही कुणी गेलं नाही.

पूर आपल्याकडेही येतोच की. २०२४ च्या जुलैत सांगवीला पवनेचं पाणी घरांत शिरलं होतं, त्या गाड्यांचं काय झालं असेल? कुठेतरी धुऊन, पुसून, मोगरा लावून उभ्या असतीलच ना. पाणी एकदा वायरिंगमध्ये गेलं की कधी काय बंद पडेल सांगता येत नाही. आज काच खाली जाणार नाही, उद्या रात्री बाराला हेडलाइट. एअरबॅगचं तर नकोच विचारायला.

हां, तर बाईंची गाडी मधे आली कशी? इथेच तर गोम आहे. मला वाटायचं दोन्ही घरांत बोलणं नाही. पण आजी आणि बाई गेली चार वर्षं देवळात भेटत होत्या! मोरया गोसावीच्या देवळात, दर संकष्टीला, एका ओट्यावर बसून. घरी सुनेला पत्ता नाही. ऑगस्टातल्या अंगारकीला गर्दी म्हणजे मुंगीला वाट नाही, आणि रांगेत उभं राहून बाई आजींना म्हणाल्या, 'गुडघे गेले हो माझे, क्लच दाबवत नाही. गाडी काढायची म्हणतेय.' आजी म्हणाल्या, 'काढा. आमच्याकडेच काढा.' दर्शन व्हायच्या आधी सौदा निम्मा झाला होता.

वहिनींना हे कळलं तेव्हा मी तिथेच होते, साखर परत करायला गेले होते. आधी त्या लाल झाल्या, मग पांढऱ्या. 'त्या बाईंची गाडी? जिनं माझ्या गेटचा खांब…' पुढे बोलवेना. तुम्हाला आठवतंय ना ते २०२१ चं? बाई गाडी मागे घेत होत्या आणि वहिनींच्या गेटला घासल्या. पितळेची नावाची पाटी खाली पडून वाकली. वहिनी म्हणाल्या, तुम्हाला आरसा दिसत नाही का. बाई म्हणाल्या, तुमचं गेट रस्त्यावर उघडतं, हा दोष तुमचा. वाक्य व्याकरणशुद्ध होतं म्हणून जास्त लागलं. झालं, त्या दिवसापासून…

पण धाकट्यानं एक फार शहाणपणाचं बोलून दाखवलं. मला वाटलं नव्हतं त्याला सुचेल. 'आई, अख्ख्या पिंपरी-चिंचवडात हीच एक गाडी आहे जिचा ॲक्सिडेंट कुठे झाला, कधी झाला, कुणाला लागला, सगळं आपल्याला पाठ आहे.' वहिनी गप्पच बसल्या. आता यावर काय बोलणार?

गाडी टियागो. बाईंनी २०२० च्या फेब्रुवारीत घेतली, निवृत्तीची हौस म्हणून. आणि मार्चमध्ये लॉकडाऊन! वर्षभर कव्हरखालीच. एकोणीस हजार किलोमीटर, आणि हे एकोणीस खरे, कारण बाई दर सर्व्हिसची पावती फाइलला लावतात, वर तांबड्या शाईनं तारीख. त्या मॉडेलला ग्लोबल एनकॅपचे चार तारे, २०२० च्या जानेवारीतलेच. पुढे दोन्हीकडे एअरबॅग. दिराच्या मुलानं फोनवरच मान डोलावली असणार, मला आवाजावरून कळलं.

टेल्कोकाका तर हवेतच. 'बघ! शेवटी आमचीच घेतलीस. पिंपरीची!' आणि धाकटा निरागसपणे म्हणाला, 'काका, टियागो सानंदला बनते. गुजरातला.' अगं बाई, काकांचा तो चेहरा! चहाचा कप तोंडाजवळ नेला होता तो तसाच खाली आला. मग म्हणाले, 'डिझाइनमध्ये आपली माणसं असतात.' कुणी वाद घातला नाही. वयाचा मान असतो.

पण काका म्हणजे काका. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बाईंच्या दारात हजर. इंजिन गार असतानाच बघायचं म्हणे. विकणारे आधी चालू करून गरम ठेवतात, मग पहिल्या झटक्याचा धूर आणि खडखड लपते. बाई गाऊनवर शाल घेऊन उभ्या, 'मी काय दुकानदार आहे का?' काका म्हणाले, 'बाई, नियम म्हणजे नियम,' आणि बाईंना ते आवडलं, मला दिसलं ना. गाडी मात्र चालूच होईना! बॅटरी बसलेली. कमी चाललेल्या गाडीचं हेच असतं, सगळे किलोमीटर कमी बघून खूश होतात, पण उभी गाडी आतून सुकते. टायरची नक्षी नवीसारखी, काकांनी वाकून बाजूचे चार आकडे वाचले, ४७१९. म्हणजे २०१९ च्या सत्तेचाळिसाव्या आठवड्यातला टायर. सहा वर्षांचा म्हातारा! दिसायला तरुण, पण रबर कडक, पावसात ब्रेक मारला की घसरणार. चारही बदला, बॅटरी बदला, हे लिहून दिलं. जंपरनं चालू केल्यावर ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, आत पांढरट लोणी नव्हतं, धूर निळा नव्हता. मग भक्ती-शक्तीच्या चौकापर्यंत चक्कर, काच खाली करून, रेडिओ बंद. काका डोळे मिटून ऐकत बसले होते, जणू भीमसेनांची मैफल.

किमतीचं विचारताय? बाईंनी सांगितले चार लाख, एक पैसा कमी नाही. वहिनी म्हणाल्या, बघू. आणि पंधरा ऑगस्टला दिल्लीहून ते जीएसटी कमी करण्याचं भाषण झालं! वहिनी चतुर हो. महिनाभर बाईंच्या घराकडे फिरकल्याच नाहीत. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी टियागोच पंचाहत्तर हजारांपर्यंत स्वस्त झाली, मग जुनीला चार लाख कोण देणार? नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरते, सावलीसारखी. त्या संध्याकाळी वहिनी घटाचं दर्शन घ्यायला म्हणून बाईंकडे गेल्या. चार वर्षांनी उंबरा ओलांडला. ओटीही भरली. आणि उठता उठता, 'तेवढं गाडीचं…' तीन चाळीसवर तुटलं, टायर आणि बॅटरी बाईंच्या खर्चानं. बाईंचा चेहरा पडला, पण खण भारी होता म्हणे.

इथे सगळ्यांना वाटलं, आता दसऱ्याला गाडी दारात. पण बाई कुठल्या! 'आरसीवर त्याचं नाव चढल्याशिवाय किल्ली मिळणार नाही.' आता दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे सरकारी सुट्टी, मोशीचं आरटीओ बंद. वहिनी रडकुंडीला, मुहूर्त जातोय. पण बाईंचं खरं होतं हो. त्यांच्या भावानं स्कूटर अशीच विश्वासावर विकली होती, सात वर्षं चलनं त्याच्या पत्त्यावर येत होती. आणि सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकालच आहे. एका माणसानं गाडी विकली, ती पुढे तीन-चार हातांतून गेली, पण कागदावर नाव याचंच राहिलं, अपघात झाला आणि भरपाई याच्या गळ्यात. कायद्याला मालक म्हणजे आरसीवरचा मालक. तो कुठे बसलाय, गाडी कोण चालवतंय, याच्याशी देणंघेणं नाही. बाईंनी हे धाकट्याला समोर बसवून शिकवलं. फॉर्म २९ विकणाऱ्यानं कळवायचा, राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत. फॉर्म ३० नाव बदलायला. आणि आरसीवर बँकेचा बोजा होता, कर्ज कधीच फिटलेलं पण नाव उतरवलंच नव्हतं, म्हणून बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. एजंट नको म्हणाल्या, स्वतः बसून भर. खाडाखोड झाली तर पुन्हा लिहायला लावलं. पोरगं दहावीला एवढं बसलं नव्हतं.

इन्शुरन्सवरून तर धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. त्याला वाटलेलं बाईंचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस गाडीबरोबर फुकट येईल. बाई म्हणाल्या, 'बोनस माझ्या सांभाळून चालवण्याचा आहे, गाडीचा नाही.' आणि खरंच तसंच असतं! त्यांनी आपलं सर्टिफिकेट काढून घेतलं, तीन वर्षांत दुसरी घेतली तर वापरता येतं. पॉलिसी मात्र चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायची, नाहीतर उद्या आपल्याच गाडीला काही झालं तर कंपनी हात वर करते. तरी आपल्याकडे बरं हो, थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो, पोराच्या वयावर नाही. माझ्या चुलत नणंदेचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो, तो सांगत होता, तिथे विशीतल्या पोराला इन्शुरन्स एवढा लावतात की जुनी गाडी स्वस्त आणि हप्ता महाग!

मग दसऱ्याचं काय झालं? ऐका तर. पूजा झाली! पण बाईंच्या पार्किंगमध्ये. झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबू, वहिनींनी ओवाळलं, आपट्याची पानं वायपरला. धाकट्यानं नवा शर्ट घातलेला. आणि पूजा संपल्यावर बाईंनी किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली! सगळे नारळाचं खोबरं चघळत पायी घरी. आमचे हे म्हणाले, अशी मालकीण बजाजला मिळाली असती तर…

आरसी झाली आणि पाडव्याला गाडी समोर आली. वहिनी बंपरवरचा तो ओरखडा रंगवून घ्या म्हणत होत्या, गॅरेजवाल्यानं पैसेही सांगितले होते. धाकटा म्हणाला राहू दे, नाहीतर पुढे कुणी विचारलं तर नॉन-ॲक्सिडेंटल म्हणावं लागेल.

आणि भाऊबीजेला… हे मात्र तुम्ही कुणाला सांगू नका हं. सकाळी फर्स्ट शिफ्ट होती त्याची, अजून उजाडायचं होतं. मी दूध घ्यायला बाहेर. त्यानं गाडी मागे घेतली, जपून, आरशात बघत, आणि खर्रर्र! वहिनींच्या गेटचा तोच खांब. पाटी पुन्हा खाली. धाकटा उतरला, पाटी उचलली, शर्टानं पुसली, इकडेतिकडे बघितलं. मी दाराआड उभी. आणि वर बघते तर बाई गॅलरीत. एक शब्द बोलल्या नाहीत हो. हातातला चहाचा कप खाली ठेवला, तोंडाला पदर लावला आणि…

अय्या, कुकर लागला वाटतं त्यांचा. खिडकी बंद झाली. नंतर बोलू.